खुणा जुळल्या म्हणजे टायमिंग जुळले का? : कॅमशाफ्ट टायमिंगची मोजणी आणि जुळणी



चार-स्ट्रोक इंजिनाचा व्हॉल्व्ह टायमिंग डायग्राम तुम्ही दुसऱ्या वर्षात काढला असेल. इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीच्या थोडा आधी उघडतो, बीडीसीच्या बराच नंतर बंद होतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या आधी उघडतो, टीडीसीच्या थोडा नंतर बंद होतो. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. पण वर्कशॉपमध्ये खरे इंजिन समोर आले की वेगळा प्रश्न उभा राहतो. कागदावरचे हे अंश या इंजिनात खरोखर तेवढेच आहेत का, हे कसे ओळखायचे? आणि नसतील तर ते जागेवर कसे आणायचे?

या टिपणात आपण तेच पाहणार आहोत. उदाहरणासाठी टोयोटाचे फोर-ए-जीई हे इंजिन घेऊ. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या कोरोला लेव्हिन आणि स्प्रिंटर ट्रूएनो या एई८६ मालिकेतील गाड्यांमुळे ते प्रसिद्ध झाले, आणि पुढे उत्तर अमेरिकेतल्या फॉर्म्युला अटलांटिक शर्यतींतही वापरले गेले. क्षमता १५८७ सीसी, बोअर ८१ मिमी, स्ट्रोक ७७ मिमी, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह आणि कॅम फिरवणारा दातेरी पट्टा. इनटेक आणि एक्झॉस्टचे कॅम वेगळे असल्यामुळे दोन्हींचे टायमिंग स्वतंत्रपणे हलवता येते. म्हणून शिकण्यासाठी हे इंजिन सोयीचे आहे. पद्धत मात्र कोणत्याही इंजिनाला लागू पडते.

१. आधी भाषा पक्की करू

कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे क्रँकचे २° म्हणजे कॅमचा १°. या टिपणातले सर्व अंश क्रँकचे आहेत. जिथे कॅमचे अंश आहेत तिथे तसे स्पष्ट लिहिले आहे. ही सवय तुम्हीही लावून घ्या. या विषयातल्या निम्म्या चुका केवळ 'कोणाचे अंश?' हे न विचारल्यामुळे होतात.

व्हॉल्व्ह ठरल्यापेक्षा लवकर उघडत असेल तर कॅम 'अॅडव्हान्स' आहे, उशिरा उघडत असेल तर 'रिटार्ड' आहे असे म्हणतात.

लोब सेंटर म्हणजे व्हॉल्व्ह जास्तीत जास्त उघडलेला असतो तो क्रँकचा कोन. इनटेकचा लोब सेंटर टीडीसीनंतर मोजतात, एक्झॉस्टचा टीडीसीपूर्वी. शर्यतीचा कॅम विकत घेतला की त्याबरोबर एक कार्ड येते. त्यावर लिफ्ट, कालावधी आणि लोब सेंटर छापलेले असतात. आपण पुढील आकडे धरू. हे केवळ उदाहरण आहे, कोणत्याही विशिष्ट कॅमचे कार्ड नव्हे.

- जास्तीत जास्त लिफ्ट: ८.५ मिमी
- कालावधी (१ मिमी लिफ्टला): २३६°
- इनटेक लोब सेंटर: टीडीसीनंतर १०६°
- एक्झॉस्ट लोब सेंटर: टीडीसीपूर्वी १०८°

लोब दोन्ही बाजूंनी सारखा आहे असे धरले तर यावरून बाकी सर्व काढता येते. कालावधीचा अर्धा भाग ११८°. म्हणून इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीपूर्वी ११८ − १०६ = १२° ला उघडतो आणि टीडीसीनंतर १०६ + ११८ = २२४° ला, म्हणजेच बीडीसीनंतर ४४° ला बंद होतो. एक्झॉस्ट टीडीसीनंतर ११८ − १०८ = १०° ला बंद होतो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, १२ + १० = २२°.

२. खुणांवर विसंबून का चालत नाही?

कारखान्यातून आलेल्या इंजिनात क्रँकच्या पुलीवर एक खूण असते, कॅमच्या पुल्यांवर खुणा असतात. त्या जुळवून पट्टा चढवला की इंजिन चालू होते. रोजच्या वापराच्या गाडीला एवढे पुरते. पण ही जुळणी दातांवर अवलंबून आहे, आणि दात ही मोठी पायरी आहे. क्रँकच्या पुलीला २४ दात आहेत असे धरा. एक दात चुकला तर ३६० ÷ २४ = १५° ची चूक. उलट, खुणा दातागणिक बरोबर जुळल्या, तरी तीन-चार अंशांचा फरक त्या दाखवणारच नाहीत.

हा तीन-चार अंशांचा फरक येतो कुठून? मुख्य कारणे तीन.

पहिले, हेड घासणे. कॉम्प्रेशन वाढवण्यासाठी किंवा वाकलेला पृष्ठभाग सरळ करण्यासाठी हेड मशीनवर घासतात. त्यामुळे कॅम क्रँकच्या जवळ येतात. क्रँक पट्ट्याला ज्या बाजूने ओढतो ती ताणाची बाजू. तिथले अंतर जेवढे कमी झाले तेवढा पट्टा सैल पडतो, आणि क्रँक तेवढा जास्त फिरेपर्यंत कॅम जागचा हलत नाही. म्हणजे कॅम रिटार्ड होतो. किती, ते काढू. कॅमच्या पुलीला ४८ दात आणि दातांमधले अंतर ८ मिमी धरले तर पुलीचा परीघ ३८४ मिमी आणि त्रिज्या साधारण ६१ मिमी. हेड एकूण १ मिमी घासले असेल तर १ ÷ ६१ = ०.०१६४ रेडियन, म्हणजे कॅमचे ०.९४°, म्हणजेच क्रँकचे सुमारे १.९°.

दुसरे, कॅमशाफ्टच्या टोकाची पिन किंवा खाच. पुली कॅमवर ज्या पिनने बसते ती लोबच्या संदर्भात एखाद-दोन अंश इकडेतिकडे असू शकते. जुना कॅम घासून नव्या आकाराचा केलेला असेल तर ही शक्यता वाढते.

तिसरे, खुद्द टीडीसीची खूण. अनेक इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकाला कंपन शोषणारी पुली असते. आतला गाभा आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असते. रबर जुने झाले की बाहेरची कडी गाभ्यावर सरकते, आणि खूण असते ती कडीवरच.

हे तिसरे कारण मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांबरोबर शर्यतीसाठी एक इंजिन बांधत होतो. उंच लिफ्टचे कॅम, उंच माथ्याचे पिस्टन. डिग्री व्हील लावले, पण शून्य मात्र पुलीवरच्या खुणेवरून घेतले. वेळ वाचेल असे वाटले. दोन्ही कॅम कार्डाप्रमाणे नीट जुळवले, बोल्ट आवळले आणि तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला क्रँक हाताने फिरवायला सांगितले. पहिल्याच फेरीत ती थांबली. म्हणाली, "सर, अडतंय." मी म्हणालो, "कॉम्प्रेशन असेल." ती म्हणाली, "प्लग काढलेले आहेत, सर."

तिचे बरोबर होते. बाहेरची कडी सुमारे ८° सरकली होती. आमचे प्रत्येक माप अचूक होते आणि प्रत्येक माप चुकीच्या शून्यापासून घेतले होते. इनटेक व्हॉल्व्ह आठ अंश लवकर उघडून पिस्टनला टेकत होता. तिने लांब दांडीचा पाना लावून जोर केला असता, किंवा आम्ही सरळ स्टार्टर मारला असता, तर व्हॉल्व्ह वाकले असते. तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत एक नियम आहे: टीडीसी शोधल्याशिवाय कॅमला हात लावायचा नाही.

३. खरा टीडीसी कसा शोधायचा?

प्लगच्या भोकातून डायल गेज सोडला, पिस्टन सर्वात वर आला, काटा थांबला, तिथे शून्य धरले. ही पद्धत सोपी वाटते आणि चुकीची आहे. का, ते गणिताने पाहू.

पिस्टन टीडीसीपासून किती खाली आला हे पुढील सूत्राने साधारणपणे मिळते:

x = r [ (१ − cos θ) + (sin² θ) ÷ (२n) ]

इथे r म्हणजे क्रँकची त्रिज्या, ७७ ÷ २ = ३८.५ मिमी. n म्हणजे कनेक्टिंग रॉडची लांबी भागिले r. रॉड १२२ मिमी धरला तर n सुमारे ३.१७ येतो. आता किमती घालून पाहा:

- θ = १° ला x = ०.००८ मिमी
- θ = २° ला x = ०.०३१ मिमी
- θ = १०° ला x = ०.७७ मिमी
- θ = २५° ला x = ४.६९ मिमी

आपल्या डायल गेजचे लघुतम माप ०.०१ मिमी. म्हणजे टीडीसीजवळ एक अंश सरकलो तर काटा एक घरसुद्धा हलत नाही. दोन अंशांच्या पट्ट्यात पिस्टन जवळपास स्थिरच असतो. उलट २५° वर एका अंशाला पिस्टन सुमारे ०.३७ मिमी सरकतो, म्हणजे काटा ३७ घरे पळतो.

धुक्यात एखाद्या पठारावर उभे राहून सर्वात उंच जागा शोधायला सांगितली तर सापडणार नाही, कारण पायाखालची जमीन सगळीकडे सपाटच वाटते. पण दोन्ही उतारांवर एकाच उंचीची एकेक जागा नक्की करता येते, आणि उतार दोन्हीकडे सारखे असतील तर माथा त्या दोन जागांच्या बरोबर मध्ये असतो. हे एक तत्त्व लक्षात ठेवा: माथ्यावर मोजू नका. दोन्ही उतारांवर मोजा आणि मध्य काढा. या टिपणातली पुढची सर्व कृती याच तत्त्वावर चालते.

कृती अशी:

१. सर्व प्लग काढा. क्रँकच्या टोकाला डिग्री व्हील घट्ट बसवा. व्हील जेवढे मोठे तेवढे चांगले. २५० मिमी व्यासाच्या व्हीलवर एक अंश म्हणजे कडेवर सुमारे २.२ मिमी, डोळ्यांनी अर्धा अंश सहज वाचता येतो. जाड तारेचा पॉइंटर ब्लॉकवरच्या एखाद्या बोल्टखाली पक्का करा आणि त्याचे टोक व्हीलच्या अगदी जवळ आणा.

२. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीजवळ आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील आणि आत जाणाऱ्या स्टॉपला लागणार नाहीत. व्हील अंदाजाने शून्यावर ठेवा.

३. पिस्टन थोडा खाली नेऊन प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवा. जुन्या प्लगच्या सांगाड्यात गोल टोकाचा बोल्ट घट्ट बसवून तो वर्कशॉपमध्येही करता येतो.

४. क्रँक एका दिशेने हलक्या हाताने फिरवा. पिस्टन स्टॉपला टेकला की व्हील वाचा. मग उलट दिशेने फिरवून पुन्हा टेकवा आणि वाचा.

समजा एका बाजूला टीडीसीपूर्वी ३१° आणि दुसऱ्या बाजूला टीडीसीनंतर २७° आले. बेरीज ५८°, निम्मे २९°. खरा टीडीसी मध्यावर असल्यामुळे दोन्हीकडे २९° यायला हवे होते. म्हणजे शून्य २° ने चुकले आहे. पिस्टन स्टॉपला टेकवून ठेवा आणि पॉइंटर वाकवून तो २९° वर आणा. पुन्हा दोन्ही बाजू तपासा. दोन्हीकडे २९° आले की स्टॉप काढा. यानंतर पॉइंटरला आणि व्हीलला धक्का लागता कामा नये. लागला, तर पुन्हा पहिल्यापासून.

४. लोब सेंटर मोजणे

कॅमच्या शिखरावरही तीच अडचण आहे. जास्तीत जास्त लिफ्टच्या आसपास व्हॉल्व्ह बराच काळ जवळपास स्थिर असतो. म्हणून इथेही उतारांवर मोजायचे.

सुरुवात करण्यापूर्वी व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासा. फोर-ए-जीईच्या सोळा-व्हॉल्व्ह हेडमध्ये कॅम आणि बकेट यांच्यामध्ये शिम असते. शिम बदलून क्लिअरन्स जागेवर आणा. क्लिअरन्स चुकीचा असेल तर व्हॉल्व्ह उघडण्याचा आणि बंद होण्याचा कोन बदललेला दिसेल. लोब सेंटरची पद्धत या चुकीला बरीच दाद देत नाही, कारण चूक दोन्ही उतारांवर सारखीच येते. ही पद्धत निवडण्याचे तेही एक कारण.

डायल गेजचे टोक बकेटच्या कडेवर टेकवा. गेजची दांडी व्हॉल्व्हच्या सरकण्याच्या रेषेला समांतर हवी. तिरकी असेल तर लिफ्टचे माप चुकेल.

आता क्रँक चालत्या दिशेनेच फिरवा. कधीही कॅमचा बोल्ट धरून इंजिन फिरवू नका. त्याने पट्ट्याचा ताण उलटा होतो आणि माप बिघडते. चुकून पुढे गेलात तर थेट मागे येऊन वाचू नका. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा चालत्या दिशेने या. टीडीसी शोधताना आपण दोन्ही दिशांनी फिरवले, कारण व्हील, क्रँक आणि पिस्टन एकमेकांना थेट जोडलेले होते. इथे मध्ये पट्टा आहे. त्याची ताणाची बाजू ताणलेली राहिली तरच माप खरे.

कृती:

१. व्हॉल्व्ह जास्तीत जास्त उघडेल तिथे गेजचा काटा शून्यावर आणा.

२. पूर्ण दोन फेरे फिरवून परत या. काटा शून्याच्या १ मिमी आधी असेल (व्हॉल्व्ह उघडत आहे) तिथे व्हील वाचा.

३. शिखर ओलांडून काटा पुन्हा १ मिमी खाली येईल (व्हॉल्व्ह बंद होत आहे) तिथे वाचा.

४. दोन्हींची सरासरी म्हणजे लोब सेंटर. तीनदा मोजा. तिन्ही उत्तरे अर्ध्या अंशात आली नाहीत तर काहीतरी हलत आहे. आधी ते शोधा.

आपल्या उदाहरणात समजा असे आले:

- इनटेक: टीडीसीनंतर ८०° आणि १४२°. सरासरी १११°. कार्ड १०६°. म्हणजे इनटेक ५° उशिरा.
- एक्झॉस्ट: टीडीसीपूर्वी १३७° आणि ७५°. सरासरी १०६°. कार्ड १०८°. म्हणजे एक्झॉस्ट २° उशिरा.

एक्झॉस्टच्या बाबतीत गोंधळ होतो, म्हणून पुन्हा वाचा. टीडीसीपूर्वीचा आकडा जेवढा लहान, तेवढी घटना टीडीसीच्या जवळ, म्हणजे उशिरा.

या दोन आकड्यांवरून कारणाचा अंदाजही बांधता येतो. दोन्ही कॅम २° उशिरा आहेत, हा समान भाग. आपण वर काढले की १ मिमी घासलेले हेड सुमारे १.९° देते. हिशेब जुळतो. इनटेकचे उरलेले ३° फक्त त्याच कॅमचे आहेत. तिथे कॅमच्या पिनवर किंवा पुलीवर संशय घ्यायचा. मापन हे फक्त दुरुस्तीसाठी नसते, ते निदानासाठीही असते.

५. जुळणी

यासाठी व्हर्निअर पुली वापरतात. तिच्यात बाहेरची दातेरी कडी आणि आतला भाग वेगळे असतात आणि लांबट खाचांमधल्या बोल्टांनी एकमेकांना धरलेले असतात. बोल्ट सैल केले की कडी तशीच ठेवून कॅम थोडा फिरवता येतो.

इनटेक ५° अॅडव्हान्स करायचा आहे, म्हणजे कॅम त्याच्या फिरण्याच्या दिशेने २.५° (कॅमचे) पुढे न्यायचा. बोल्ट केंद्रापासून ४० मिमी अंतरावर असतील तर खाचेत ही सरक जेमतेम १.७ मिमी आहे. पुलीवर कोरलेल्या अंशांच्या रेषा क्रँकच्या आहेत की कॅमच्या, हे आधी पाहा. खात्री नसेल तर त्या रेषांकडे दुर्लक्ष करा आणि डिग्री व्हीलवरच विश्वास ठेवा.

बोल्ट आवळताना पुली किंचित सरकते. म्हणून आवळल्यावर पट्ट्याचा ताण तपासून, दोन फेरे हाताने फिरवून, पुन्हा लोब सेंटर मोजायचा. 'लावले' म्हणजे 'झाले' नव्हे, 'पुन्हा मोजले' म्हणजे झाले.

६. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधले अंतर

इथे खरा धोका आहे, आणि तो चुकीच्या जुळणीतच असतो असे नाही. बरोबर जुळणीतही असतो.

ओव्हरलॅपच्या काळात पिस्टन वर असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या सर्वात जवळ येतो तो साधारण टीडीसीनंतर १०° च्या आसपास, कारण व्हॉल्व्ह वेगाने खाली येत असतो आणि पिस्टन मात्र ०.७७ मिमीच उतरलेला असतो. एक्झॉस्ट जवळ येतो तो टीडीसीपूर्वी १०° च्या आसपास. इनटेक अॅडव्हान्स केला की इनटेकचे अंतर कमी होते. एक्झॉस्ट रिटार्ड केला की एक्झॉस्टचे कमी होते.

अंतर मोजण्यासाठी व्हॉल्व्हला तात्पुरती मऊ स्प्रिंग लावा. टीडीसीपासून २०° पर्यंत दर दोन अंशांना क्रँक थांबवा आणि व्हॉल्व्ह हाताने दाबून पिस्टनला टेकवा. डायल गेजवर जेवढी सरक दिसते तेवढे अंतर. सर्वात लहान आकडा महत्त्वाचा. एक्झॉस्टसाठी हेच टीडीसीपूर्वीच्या बाजूला करा. जुना आणि सावध ठोकताळा असा: इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला किमान २.५ मिमी. एक्झॉस्टला जास्त, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो, आणि वेग वाढल्यावर व्हॉल्व्ह लोबला सोडून तरंगला तर वर येणारा पिस्टनच त्याच्या मागे लागतो. कॅम बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.

आता आपले उदाहरण. समजा जुळणीपूर्वी इनटेकचे किमान अंतर २.३ मिमी होते. टीडीसीनंतर १०° च्या सुमारास आपल्यासारख्या कॅमवर व्हॉल्व्ह एका अंशाला अंदाजे ०.०८ मिमी उतरतो. ५° अॅडव्हान्स केल्यावर अंतर साधारण ०.४ मिमीने घटेल. २.३ − ०.४ = १.९ मिमी. म्हणजे कार्डाप्रमाणे 'बरोबर' केल्यावर आपण मर्यादेच्या खाली गेलो!

अशा वेळी काय कराल? पर्याय दोन. पिस्टन काढून त्यांच्या माथ्यावरचे व्हॉल्व्हचे खळगे थोडे खोल करायचे, किंवा इनटेक १०६° ऐवजी १०८° वर थांबवायचा, म्हणजे ३° च अॅडव्हान्स करायचा. तिथे अंतर २.३ − ०.२४ = २.०६ मिमी राहते. मी विद्यार्थ्यांच्या इंजिनाला दुसरा पर्याय निवडतो. दोन अंशांनी हरलेली ताकद पुन्हा मिळवता येते, वाकलेला व्हॉल्व्ह आणि फुटलेला पिस्टन नाही.

७. हलवल्याने इंजिनात काय बदलते?

सर्वात प्रभावी घटना म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह बंद होणे. बीडीसीनंतर पिस्टन वर येऊ लागला तरी व्हॉल्व्ह उघडा असतो. वेग जास्त असेल तर आत येणाऱ्या हवेचा जोर एवढा असतो की ती पिस्टनला न जुमानता आत येत राहते. वेग कमी असेल तर तोच पिस्टन आलेली हवा परत बाहेर ढकलतो. म्हणून:

- इनटेक अॅडव्हान्स: व्हॉल्व्ह लवकर बंद, कमी वेगाला टॉर्क वाढतो, वरच्या वेगाला इंजिन लवकर दमते.
- इनटेक रिटार्ड: वरच्या वेगाला फायदा, खालच्या वेगाला इंजिन मिळमिळीत, स्टार्टरवर मोजलेले कॉम्प्रेशनही कमी दिसते.
- दोन्ही लोब सेंटर टीडीसीच्या जवळ आणले (इनटेक अॅडव्हान्स, एक्झॉस्ट रिटार्ड): ओव्हरलॅप वाढतो, आयडलिंग खडबडीत होते, आणि दोन्ही अंतरे कमी होतात.

आपल्या इंजिनात जुळणीपूर्वी इनटेक टीडीसीपूर्वी ७° ला उघडत होता आणि बीडीसीनंतर ४९° ला बंद होत होता. एक्झॉस्ट टीडीसीनंतर १२° ला बंद होत होता. म्हणजे ओव्हरलॅप २२° ऐवजी १९°, आणि इनटेक पाच अंश उशिरा बंद. चालवणारा 'खालून ओढत नाही' अशी तक्रार करत असेल तर कारण समोर आहे.

डायनोमीटरवर पुढची जुळणी करताना एका वेळी एकच कॅम, दर वेळी २° हलवा आणि प्रत्येक चाचणीची नोंद ठेवा. दोन्ही कॅम एकदम हलवले तर फरक कोणामुळे पडला ते कळणार नाही. प्रत्येक बदलाआधी कलम ६ मधले अंतर तपासलेले असले पाहिजे. ज्या इंजिनात डिस्ट्रिब्युटर किंवा पोझिशन सेन्सर कॅमवरून चालतो, तिथे तो कॅम हलवल्यावर इग्निशन टायमिंगही पुन्हा तपासा.

८. सुरू करण्यापूर्वीची यादी

१. टीडीसी पिस्टन स्टॉपने पडताळला आहे.
२. दोन्ही लोब सेंटर आवळल्यानंतर पुन्हा मोजले आहेत.
३. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधले किमान अंतर नोंदवले आहे.
४. पुलीचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळले आहेत, पट्ट्याचा ताण बरोबर आहे.
५. पिस्टन स्टॉप आणि तात्पुरत्या स्प्रिंगा काढल्या आहेत.
६. इंजिन हाताने, आखूड पान्याने, दोन पूर्ण फेरे फिरवले आहे आणि कुठेही अडलेले नाही.

सहावा मुद्दा यंत्राने होत नाही, हाताने होतो. पाना ज्याच्या हातात आहे तो 'अडतंय' म्हणाला तर बाकीच्यांनी, शिक्षकांनीसुद्धा, थांबायचे.

स्वाध्याय

१. पिस्टन स्टॉपने टीडीसीपूर्वी ३४° आणि टीडीसीनंतर २८° मिळाले. दोन्हीकडे किती यायला हवे आणि शून्य किती चुकले आहे?

२. एक्झॉस्ट कॅमची मापे टीडीसीपूर्वी १४०° आणि ७८° आली. कार्डावर लोब सेंटर ११०° आहे. कॅम अॅडव्हान्स आहे की रिटार्ड, आणि किती?

३. क्रँक पुलीला २० दात आहेत. पट्टा एक दात चुकला तर टायमिंग किती अंशांनी चुकेल? व्हर्निअर पुली का लागते ते या उत्तराच्या आधारे दोन वाक्यांत लिहा.

४. स्ट्रोक ८० मिमी आणि रॉड १४० मिमी असलेल्या इंजिनात टीडीसीनंतर १° आणि २५° ला पिस्टन किती खाली असेल ते काढा. टीडीसी शोधण्यासाठी यातली कोणती जागा उपयोगी आणि का?

उत्तरे: (१) ३१°, चूक ३°. (२) सरासरी १०९°, म्हणून १° रिटार्ड. (३) १८°. (४) सुमारे ०.००८ मिमी आणि ४.७७ मिमी. कारण तुमच्या शब्दांत लिहा.